मदत हवी आहे: आडव्या वाऱ्यात जुन्या विमानांची शेपटी कधी उचलावी?

नमस्कार.

मी मुरगाव तालुक्यातील एका माध्यमिक विद्यालयात विज्ञान शिकवते. बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयात विद्यार्थ्यांना नेण्यापूर्वी एक टिपण तयार करत आहे. डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी आखलेले आणि १९५१ मध्ये प्रथम उडालेले एचटी-२ हे विमान डोळ्यांसमोर ठेवून, शेपटीखाली लहान चाक असलेली जुनी विमाने उड्डाणासाठी धावतानाच वाऱ्यामुळे का भरकटतात, हे मुलांना नीट समजावून सांगावे अशी माझी इच्छा आहे.

मूळ कारण मला स्पष्ट आहे. अशा विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो, त्यामुळे नाक एकदा बाजूला वळू लागले की ते वळण आपोआप वाढत जाते आणि विमान स्वतःभोवती गिरकी घेते. वैमानिक यालाच ग्राउंड लूप म्हणतात. शिवाय उभी शेपटी वातकुक्कुटासारखी वागून नाक वाऱ्याकडे वळवते. १५ नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वारा धावपट्टीशी ४५ अंशांचा कोन करत असेल, तर त्याचा आडवा घटक साधारण १०.६ नॉट येतो. हे गणित नववी-दहावीची मुले आकृती काढूनही सोडवू शकतात. १९३१ साली प्रथम उडालेल्या टायगर मॉथ विमानाला मुळात ब्रेकही नव्हते आणि शेपटीखाली चाकाऐवजी घसरपट्टी होती. पण ते गवताच्या मोकळ्या मैदानावरून थेट वाऱ्याच्या दिशेने उडवता येई. डांबरी धावपट्टीने दिशा ठरवून टाकली आणि ही सोय गेली, हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो.

माझी अडचण पुढे आहे. वेग थोडा वाढताच वैमानिक शेपटी उचलतो, तेव्हा शेपटीच्या चाकाची पकड सुटते, सुकाणूवरून (उभ्या शेपटीचा नाक वळवणारा हलता भाग) वाहणारी हवा अजून पुरेशी वेगवान नसते, आणि फिरत्या प्रोपेलरच्या गायरोस्कोपी परिणामामुळे (फिरत्या वस्तूचा अक्ष कलवला की ती काटकोनातल्या दिशेने वळू पाहते) नाक एका बाजूला ओढले जाते. वाराही त्याच बाजूने येत असेल, तर सारे परिणाम एकत्र होतात. यावर उपाय म्हणून शेपटी अधिक वेळ खाली दाबून ठेवावी, तर पंखांचा हवेशी कोन मोठा राहतो आणि विमान कमी वेगातच जमीन सोडू पाहते. उद्धरण, म्हणजे विमानाला वर उचलणारे बल, वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्याने पंखांवरील हवेचा वेग वाऱ्याच्या झोतामुळे ३० वरून ३६ नॉट झाला, तरी ते ४४ टक्क्यांनी वाढते. झोत ओसरताच विमान वाऱ्याबरोबर सरकत तिरपे खाली टेकते आणि चाकांच्या आधारांवर आडवा ताण येतो.

तेव्हा जाणकारांनी कृपया सांगावे: आडव्या वाऱ्यात शेपटी उचलण्याची योग्य वेळ प्रत्यक्षात कशावरून ओळखतात? आणि नाक भरकटू लागल्यावर थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारा दांडा) लगेच बंद करावा का? तसे केल्यास प्रोपेलरची ओढ थांबेल, परंतु सुकाणूला बळ देणारा त्याचा झोतही नाहीसा होईल. फ्लाइंग क्लबमध्ये अशी विमाने उडवलेल्या कोणी त्या काही सेकंदांत हात आणि पाय काय करतात हे क्रमाने लिहिले, तर ते मला मुलांपुढे खात्रीने मांडता येईल.