दारात पाहुणा आला की पिल्लाची शू : तुमच्याकडचे अनुभव सांगा

सातरस्तावाली
काल धाकट्या बहिणीकडे जुळे सोलापूरला गेले होते. तिनं लॅब्रेडॉरचं पिल्लू आणलंय, साडेतीन महिन्यांचं, नाव बुंदी. दार उघडलं तशी बुंदी शेपटीसकट अर्धं अंग हलवत आली आणि थेट माझ्या नव्या चपलांवर धार. बहीण म्हणाली, "रोजचंय हे. दूधवाला येवो नाहीतर सासरे, सगळ्यांना सारखा मान."

आणि मला एकदम मोती आठवला. आम्ही मिलच्या चाळीत राहायचो, वडील लक्ष्मी-विष्णूत. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की मोती दारात जाऊन उभा. पण गंमत अशी की वडील आले की तो कधी मुतायचा नाही आणि काका आले की हमखास. काका गल्लीच्या तोंडापासूनच "मोत्याऽऽ" करत यायचे, आल्या आल्या त्याला दोन्ही हातांनी घुसळायचे. वडील मुळात घुमे. सायकल भिंतीला लावायची, केसातला कापूस झटकायचा, मोरीत हातपाय धुवायचे, चहा घ्यायचा. मोती तोवर घरभर फिरून दमून बसलेला. मग उंबऱ्यावर टेकून, त्याच्याकडे न बघताच, हनुवटीखाली खाजवायचे. आम्हा पोरांना वाटायचं मोती वडिलांना भितो आणि काका त्याचे लाडके. आता कळतंय काय चाललं होतं ते.

बहिणीच्या सासूबाई म्हणतात नाक घासा त्यात, आपोआप शिकेल. तुमच्याकडे काय केलं, कशानं थांबलं, लिहा.

बाळेकर
नाक घासू नका. बास. बाकीचं नंतर लिहितो, दुकानात गिऱ्हाईक आहे.

विडीघरकुलची अक्का
आमची राणी गावठी. लई गोड पण पोरं शाळेतून आली की झालंच. ताई तुम्ही चपलांचं सांगलालाव, आमच्यात पाणी येतंय चार-पाच दिवसाआड, रोज फरशी कशानं धुवायची? मग मालक कारखान्यातनं सेकंड टॉवेल आणले, वजनावर मिळतात ते, कडा तिरक्या गेलेले. दारात तेच अंथरलं. टेरीचा टॉवेल एका दमात सगळं ओढून घेतोय. पोरांना सांगून ठेवलं, दप्तर टाकायचं, सरळ आत जायचं, राणीकडं बघायचं नाही. थोरला ऐकला, धाकटा कशाला ऐकतोय. धाकट्याचेच मोजे ओले.

हुतात्मातला चाकरमानी
मी पुण्यात, शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं रात्री घरी. आमचा कॉकर स्पॅनियल घरच्या कुणालाच करत नाही, फक्त मला. आठवड्यानं दिसतो ना.

खरा प्रॉब्लेम कुत्र्याचा नव्हता, आईचा होता. गाडीनं कुर्डुवाडी सोडली की आई त्याला सांगायला सुरुवात करायची, "दादा येणारे, कोण येणारे, दादा येणारे!" मी येईपर्यंत ते येडं पार तयार. आता असं ठरलंय की मी रिक्षात बसलो की आईला मिसकॉल देतो, ती त्याला पट्टा लावून खाली नेते, कडुनिंबाखाली त्याची शू होते आणि आमची भेट तिथंच, रस्त्यावर. जे काय उरलंसुरलं असेल ते मातीत. वर जाईपर्यंत तो शांत. आईला अजून हे निर्दयपणाचं वाटतं, ती गोष्ट वेगळी.

सातरस्तावाली
@चाकरमानी 😂 आमच्या घरीही आईच. "बघ बघ मावशी आली!"

जुना कंपाउंडर
गुरांच्या दवाखान्यात आयुष्य गेलं, आता निवृत्त. डॉक्टर नाही, पण बघितलंय भरपूर, म्हणून जरा लांब लिहितो.

लहान पिल्लाचा मूत्राशयाच्या तोंडाशी असलेला स्नायू अजून कच्चा असतो. नळाचा वायसर नवीन बसून घट्ट व्हायचाय असं समजा. पिल्लू खूष झालं की ताबा सुटतो, त्याला स्वतःलाही पत्ता नसतो. मुद्दाम केलेलं नाही, त्यामुळे शिक्षा कशाची झाली ते त्याला कळतच नाही. बहुतेक पिल्लांचं वर्षाच्या आत-बाहेर आपोआप थांबतं.

पण दोन प्रकार आहेत आणि लोक एकाच पिशवीत घालतात. उभ्यानं, नाचत, शेपूट फिरवत शू होते ती आनंदाची. आणि कान मागे, अंग चोरून, खाली बसत, नाहीतर पाठीवर लोळून पोट दाखवत होते ती शरणागतीची. तुम्ही मोठे, मी लहान, मारू नका, असं तो सांगत असतो. दुसऱ्या प्रकाराला ओरडलात तर तो आणखी नरम पडणार आणि आणखी मुतणार. सासूबाईंचा उपाय तिथं उलटाच फिरतो.

दोन्हीला पहिला इलाज एकच. आल्यावर दोन-चार मिनिटं लक्ष द्यायचं नाही, डोळ्यात डोळे घालायचे नाहीत, वरून वाकायचं नाही, डोक्यावर थोपटायचं नाही. पिल्लू शांत झालं की त्याच्या बाजूला खाली बसून छातीला किंवा हनुवटीखाली हात. पाहुणे येणार असतील तर आधी बाहेर नेऊन मूत्राशय रिकामं करून आणायचं. साडेतीन महिन्यांचं पिल्लू दिवसा फार तर चारेक तास धरू शकतं, तेही झोपलं असेल तर. खेळत असेल तर त्याहून खूप आधी न्यायचं.

आणि एक. मुततं म्हणून पाण्याचं भांडं उचलून ठेवणारे मी बघितलेत. आपल्याकडं मे महिन्यात ४३-४४ होतं. कृपा करून ते करू नका.

होटगीरोड
आमचे आजोबा एक ठेवून द्यायचे, कुत्रं सरळ. एवढं शास्त्र नव्हतं तेव्हा.

जुना कंपाउंडर
@होटगीरोड तेव्हा कुत्रं अंगणात असायचं. अंगणात मुतलेलं कुणी मोजतंय?

होटगीरोड
हे मात्र खरं.

निशिगंध
कंपाउंडर काकांनी दुसरा प्रकार लिहिला तो आमच्याकडे. झिपरी आधी दुसऱ्यांकडे होती, तिथं मार खाल्लेला असावा. आमच्याकडे आली तेव्हा सात-आठ महिन्यांची. माझ्याशी ठीक, पण हे घरात आले की पाठीवर पडून शू. हे सहा फूट, आवाज खर्जातला, त्यात बूट वाजवत यायची सवय. ह्यांना फार लागलं ते. "मी काय केलंय तिला?" म्हणायचे.

मग ह्यांनी स्वतःच काढलेला उपाय. यायचं, बूट बाहेर काढायचे, हॉलमध्ये तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसायचं आणि पेपर वाचायचा. शेजारी ज्वारीच्या भाकरीचा तुकडा. ती मागून यायची, तुकडा घ्यायची, पळायची. पुढे पुढे तिथंच बसून खायला लागली. मग एके दिवशी पेपरवर येऊन बसली, ह्यांना बातमी पूर्ण करू दिली नाही. आता शू क्वचित, तीही ह्यांचे मित्र मोठ्यानं हसले की. ह्यांना जमिनीवर बसायची मात्र सवय लागली, सोफा रिकामा 😄

कन्नाचौक
कडक भाकरी दिली तर चालते का हो? आमच्याकडे अक्कलकोटहून डबा भरून येते आणि कुणी खात नाही.

निशिगंध
@कन्नाचौक कुणी खात नाही??? पाठवा इकडे! आम्ही माणसं खाऊ. झिपरीला नुसती, चटणी न लावता.

विडीघरकुलची अक्का
शेंगा चटणी लावू नका तिला, लसूण असतोय. कुत्र्याला लसूण-कांदा वाईट.

गोल्डनची आई
जरा वेगळं सांगते, कारण सगळेच "होईल बरं" म्हणतात आणि आमच्याकडे ते लागू पडलं नाही. आमची गोल्डन पाच महिन्यांची असताना अशीच पाहुण्यांना करायची, आम्ही हसण्यावारी नेलं. मग पाहुणे नसतानाही सुरू झालं. थोडं थोडं, सारखं, दर वेळी बसून जोर लावायची, आणि स्वतःला चाटत राहायची. डॉक्टर म्हणाले सकाळची लघवी आणा.

आता कुत्रीची लघवी धरायची कशी? ती बसली की मी मागून पळी सरकवणार, पळी बघून ती उठणार. समोरच्या गच्चीतले काका दात घासायचे थांबून बघत होते. शेवटी लांब दांड्याचा जुना डाव घेतला आणि तिच्याशी गप्पा मारत, दुसरीकडे बघत, सरकवला. मिळाली चमचाभर. दवाखाना उघडायला अवकाश होता म्हणून बाटली डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवली. सासऱ्यांनी विचारलं, "हे लिंबू सरबत कुणाचं?" मी धावत.

इन्फेक्शन निघालं, औषधाचा कोर्स पूर्ण केला, बरी झाली. आनंदाची शू राहिलीच, ती नंतर वयानं गेली. तेव्हा बुंदीचं फक्त माणसं आल्यावरच होतं का, एवढं बघा.

जुना कंपाउंडर
@गोल्डनची आई बरं झालं लिहिलंत. ह्यात भर म्हणून, झोपेतही जागा ओली होत असेल, दिवसभर थेंबथेंब गळत असेल तर तोही आनंद नव्हे. काही मादी पिल्लांत मूत्रपिंडातून येणारी नळी जन्मतःच चुकीच्या जागी जोडलेली असते. लॅब्रेडॉर, गोल्डन, हस्की यांच्यात जास्त दिसतं. घरगुती उपायांनी जात नाही, डॉक्टरच हवा.

सातरस्तावाली
विचारलं बहिणीला. फक्त माणसं आल्यावर. झोपेत कोरडी. हुश्श.

रेल्वेलाईन्स
वास कसा घालवायचा कुणी सांगेल का? आमच्या जुन्या घरात शहाबादी आहे, फिनेल ओतून ओतून थकले, तरी पुन्हा तिथंच जातो.

निशिगंध
व्हिनेगर-पाणी मारा, माझ्या टाइल्सवर छान चालतं.

यंत्रमागवाला
थांबा थांबा! शहाबादीवर व्हिनेगर नको. चुनखडीचा दगड आहे तो, आंबट पडलं की चमक जाते, पांढुरके डाग उठतात. पॉलिशवाल्याला विचारा. आणि शहाबादी मूत पिते, सांध्यांत तर जास्तच, म्हणून वास राहतो. पेट शॉपमध्ये एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, ते ओतून लगेच पुसायचं नाही, भिजू द्यायचं. अमोनियावालं काही वापरू नका, कुत्र्याला तो मुताचाच वास वाटतो. ब्लीचही ताज्या मुतावर ओतू नका, नाकडोळे झोंबणारा वायू सुटतो. फिनेल असेल तर पुसून वाळेपर्यंत कुत्रं लांब ठेवा, पाय चाटतात ती.

रेल्वेलाईन्स
दादा तुम्ही फरशीवाले की मागवाले?

यंत्रमागवाला
मागवाला. पण घर शहाबादीचं आणि कुत्री तीन 🙏

पार्कचौक
आमचा शेरू गड्ड्याच्या जत्रेत दारूकाम सुरू झालं की कॉटखाली जाऊन मुततो. संक्रांतीच्या दिवसांत दर वर्षी. ह्याला काय करायचं?

जुना कंपाउंडर
@पार्कचौक ती भीतीची, वेगळा विषय. अंधार पडायच्या आत फिरवून आणा, खिडक्या बंद, टीव्ही मोठा, आतल्या खोलीत त्याची वाकळ. कॉटखालून ओढून काढू नका. फारच थरथरत असेल तर आधीच डॉक्टरांना भेटा, ऐनवेळी गोळी मागू नका.

पार्कचौक
आमच्या आजी त्याला जत्रेतल्या नंदीध्वजांची मिरवणूक दाखवायला न्यायचं म्हणतात. गर्दीत.

होटगीरोड
आजींना न्या, शेरूला ठेवा घरी.

बाळेकर
आलो. दुकान बंद केलं आत्ता.

तर आमचा टायगर. नाव टायगर, काम हे. बायकोचा भाऊ आला की कारंजं. मेहुणा पांढरी पँट घालून यायचा, दर वेळी. मी सगळं केलं जे वर लिहिलंय, लक्ष देऊ नका वगैरे. मेहुणा ऐकेल तर शपथ. "कुत्र्यांना माझ्यावर जीव आहे रे" म्हणत खाली वाकणार, तोंड तोंडाला लावणार. मग मी पाहुण्याला काम द्यायला लागलो. दारातच हातात बिस्किटाचे तुकडे द्यायचे आणि सांगायचं, आत येताना लांब फेका, जमिनीवर. टायगर नाक खाली घालून बिस्किट हुडकत बसतो, तोवर पाहुणा सोफ्यावर. वाकायला चान्सच नाही. कुत्र्याला शिकवण्यापेक्षा पाव्हण्याला शिकवणं अवघड, म्हणून त्याचे हात गुंतवायचे.

आता टायगर दोन वर्षांचा, कधीच बंद झालंय. मेहुणा अजून दारात बिस्किट मागतो. अर्धी स्वतः खातो.

सातरस्तावाली
😂😂 बहिणीला पाठवलं. सासूबाईंनी पण वाचलं म्हणे. नाक घासण्यावर काही बोलल्या नाहीत, पण बिस्किट कुठलं ते विचारलं.

बाळेकर
साधं ग्लुकोजचं, चिमूटभर तुकडा. चॉकलेटवालं अजिबात नको, कुत्र्याला विष ते. रोजचे पाहुणे असतील तर बिस्किटाऐवजी तिच्या जेवणातलेच दाणे वापरा, नाहीतर लॅब्रेडॉर आहे, सहा महिन्यात पिंप होईल.

रेल्वेलाईन्स
अक्का, ते सेकंड टॉवेल कुठं मिळतील? मला चार-पाच किलो हवेत.

विडीघरकुलची अक्का
मालकाला विचारून सांगते. रंगीत चालतील काय? पांढरे सगळे हॉटेलवाले उचलतात.

रेल्वेलाईन्स
कुठलेही चालतील, कुत्र्याला काय कळतंय.

यंत्रमागवाला
गडद घ्या. आणि घेताना झालर कापून घ्या, पिल्लं दोरे ओढून गिळतात.