व्यावसायिक शिक्षणातल्या सुधारणा नेमकं कोण ठरवतं?

लेथवाला
व्यावसायिक शिक्षणात सुधारणा आली की ती वरूनच का येते? मंत्रालय समिती नेमतं, कर्ज देणारी संस्था अटी घालते, उद्योगांच्या संघटना मागण्या मांडतात आणि शेवटी छापील अभ्यासक्रम निदेशकाच्या, म्हणजे प्रत्यक्ष काम शिकवणाऱ्या शिक्षकाच्या, हातात पडतो. जागतिक बँकेचंच बघा. आधी सरकारी तंत्रशाळा उभारायला तिनं भरपूर कर्जं दिली. १९९१च्या धोरणपत्रात सूर बदलला: प्रशिक्षणाचा भार मालकांनी आणि खाजगी क्षेत्रानं जास्त उचलावा. या दोन्ही वेळा वर्कशॉपमध्ये उभं राहून शिकवणाऱ्याला कोणी विचारलं? किती तास घासल्यावर पोराचा हात बसतो, हे त्याच्याइतकं कुणालाच कळत नाही. मसुदा लिहिला जातो तिथे त्याला जागा हवी, मतही हवं. अभिप्राय मागवून फाइलला लावणं म्हणजे सहभाग नव्हे.

मनुष्यबळ
अजिबात पटलं नाही. नोकरी देणार कोण? मुलं शिकून बाहेर पडतात तेव्हा कारखान्यातली यंत्रं बदललेली असतात आणि संस्थेत जुनीच चालू असतात. अभ्यासक्रम निदेशकांच्या हाती दिला तर त्यांना जे येतं तेच वर्षानुवर्षं शिकवलं जाईल. इंग्लंडमध्ये २०१७पासून ज्या मालकांचा वार्षिक पगारखर्च ३० लाख पौंडांच्या वर आहे, त्यांच्याकडून ०.५ टक्के शिकाऊ उमेदवारी कर घेतला जातो. पैसा मालकांचा असेल तर शब्दही त्यांचाच चालायला हवा.

लेथवाला
इंग्लंडचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. कर लागू झाल्यावर नव्या शिकाऊ उमेदवारांची संख्या घटली. पैशाचा बराच भाग आधीच नोकरीत असलेल्यांच्या वरच्या पातळीच्या प्रशिक्षणाकडे वळला, व्यवस्थापनाचे अभ्यासक्रमसुद्धा त्यात आले. नुकतं शाळेतून बाहेर पडलेलं पोर मागे राहिलं. मालक स्वतःची गरज बघणार, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याची गरज आजची असते आणि त्या पोराला पुढची चाळीस वर्षं काम करायचंय.

फिटर
दोघांच्याही बोलण्यात कामगार कुठेच नाही. जर्मनीत १९६९च्या कायद्यानं ही गोष्ट मार्गी लावली. तिथल्या संघीय व्यावसायिक प्रशिक्षण संस्थेच्या मुख्य मंडळात मालक, कामगार संघटना, राज्यं आणि केंद्र असे चार गट असतात, आणि चौघांच्या मतांचं वजन सारखं. एखाद्या व्यवसायाचे, म्हणजे फिटर, मेकॅनिक अशा ट्रेडचे, प्रशिक्षण-नियम मालक आणि कामगार या दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ एकत्र बसून तयार करतात. शाळेत शिकवायच्या भागाचा आराखडा राज्यांकडे, आणि तो लिहायला व्यवसायशाळांचे शिक्षक बसतात. म्हणजे निदेशकाची जागा तिथे रचनेतच आहे. कामगार संघटनांचा आग्रह असतो तो व्यवसायाची व्याप्ती मोठी ठेवण्याचा. एकाच यंत्रापुरता तयार झालेला माणूस ते यंत्र गेलं की रस्त्यावर येतो. मला हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि तो मंत्रालयातून किंवा मालकाकडून सहसा येत नाही.

मनुष्यबळ
जर्मनीची रचना चांगली आहे, नाकारत नाही. पण ती उभी आहे मजबूत कामगार संघटनांवर आणि उद्योग-व्यापाऱ्यांच्या चेंबर्सवर. जिथे बहुतेक कामगार लहानसहान, असंघटित ठिकाणी राबतात, तिथे कामगारांच्या खुर्चीवर बसणार कोण? मोठ्या कंपन्यांमधल्या कामगारांचे नेते. छोट्या गॅरेजमधल्या मेकॅनिकचं त्यात काय? नुसता कायदा उचलून आणला तर खुर्च्या भरतील, माणसं मात्र बाहेरच राहतील.

फिटर
अडचण खरी आहे, पण म्हणून सगळं मोठ्या मालकांवर सोडायचं का? परीक्षेपासून सुरुवात करता येते. जर्मन कायद्यात परीक्षा समितीवर मालक आणि कामगारांचे प्रतिनिधी समान संख्येनं असतात आणि व्यवसायशाळेचा किमान एक शिक्षक असावाच लागतो. यासाठी देशभर पसरलेली संघटना लागत नाही. त्या भागातला एखादा अनुभवी कारागीर आणि एक निदेशकही पुरतो.

लेथवाला
याला माझा पूर्ण पाठिंबा. परीक्षा कोण घेतं यावरच वर्गात काय शिकवलं जाईल ते ठरतं.

मनुष्यबळ
परीक्षा समितीवर निदेशक आणि कारागीर असावेत, हे मान्य. अभ्यासक्रमाच्या मसुद्यावर निदेशकाला मत द्यायला मात्र माझा विरोध कायम आहे, निदान त्यांना स्वतःला दर काही वर्षांनी कारखान्यात जाऊन काम करणं सक्तीचं होईपर्यंत.