रगड्याशिवाय माणूस घडत नाही का?

सुईदोरा

माझा भाचा अग्निवीर झालाय. प्रशिक्षण संपल्यावरची कसम परेड करून पहिल्या सुट्टीला सोलापूरला आला. रात्री कडक भाकरी आणि शेंगा चटणी खात बसलो होतो, तेव्हा त्याने ट्रेनिंग सेंटरमधल्या दोन उस्तादांची, म्हणजे मैदानावर शिकवणाऱ्यांची, हकीकत सांगितली. चार दिवस झाले, ती डोक्यातून जात नाही.

दोघांच्या हाताखालची पोरं पाठीवर वजन घेऊन तेच ५ किलोमीटर पळायची. फॉलिन (रांगेत हजर होणं) एकाच वेळी, मैदान तेच, जेवणाचा लंगरही तोच. एक उस्ताद मागे पडलेल्या पोराला आईवरून शिव्या घालायचा. दुसरा त्या पोराच्या शेजारून पळायचा आणि रात्री बराकीत येऊन सगळ्यांना मोजे काढायला लावून पाय बघायचा. पहिल्याच्या पथकातल्या एका पोराची नडगी दुखत होती. तीन आठवडे तो बोललाच नाही. सिक रिपोर्ट केला, म्हणजे आजारी असल्याचं कळवलं, की कामचोर ठरतो, आणि जास्त दिवस बुडाले तर मागच्या बॅचमध्ये टाकतात, ही धास्ती. एके दिवशी पळता पळता खाली बसला. एक्स-रे काढला तर हाडाला तडा. दुसऱ्या पथकातही दोघांच्या नडग्या दुखल्या होत्या, पण ते उस्तादाला दोन-तीन दिवसांत कळलं. थोडा आराम मिळाला आणि दोघंही बॅचसोबतच बाहेर पडले.

मला हे लगेच पटलं, कारण मी स्वतः हे बघितलंय. मी शाळांचे युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात लाइन सुपरवायझर आहे, ३२ मशीन. जूनमध्ये शाळा उघडतात, म्हणजे आमची खरी लढाई एप्रिल-मेमध्ये. डोक्यावर पत्रा, बाहेर सोलापूरचं ऊन. माझ्या आधीचे सुपरवायझर चुकलेला पीस सगळ्यांसमोर बाईच्या अंगावर फेकायचे. एकदा ३६ नंबरच्या शर्टाला ३४ ची कॉलर लागत गेली. मशीनवरच्या बाईला ते दुपारी बाराला कळलं होतं. तिने संध्याकाळपर्यंत तोंड उघडलं नाही. चारशे कॉलरी उसवल्या आम्ही, दोन रात्री जागून. त्या बाईला ताप भरला आणि तिने काम सोडलं.

पळवा, घाम काढा, टार्गेट द्या, माझं काही म्हणणं नाही. पण ज्याच्यापाशी ‘दुखतंय’ किंवा ‘चुकलं’ हे सांगता येत नाही, अशा वरच्या माणसाच्या हाताखाली शरीरही मोडतं आणि कामही. तुम्हाला काय वाटतं?

माजी हवालदार, मंगळवेढा

ताई, भाच्याचं अभिनंदन. पण तुमचं म्हणणं मला मान्य नाही.

मी २४ वर्षं नोकरी केली, त्यातली तीन वर्षं रंगरूटांचा, म्हणजे नव्या भरतीच्या पोरांचा, उस्ताद होतो. ट्रेनिंग सेंटर म्हणजे शाळा नव्हे. पुढे पोस्टवर गोळी येते तेव्हा विचार करायला वेळ नसतो, हुकूम कानावर पडला की अंग हललं पाहिजे. ती सवय रगड्यातूनच लागते. फ्रंट रोल, पाठीवर पिट्टू (सामानाची पिशवी) घेऊन दौड, रात्री दोनला उठवून फॉलिन. पोरगा रडतो, घरी जायचं म्हणतो आणि तिसऱ्या महिन्यात त्याला कळतं की आपण वाटलो होतो त्यापेक्षा लई टणक आहोत. हा आत्मविश्वास गोड बोलून येत नाही. ‘जितना पसीना बहाओगे, उतना खून बचेगा’ हे आम्ही उगाच म्हणत नाही.

सिक रिपोर्टचं म्हणाल, तर चाळीस पोरांत पाच खरोखर आजारी असतात आणि दहा थंडीला कंटाळलेले. उस्तादाने सगळ्यांचं ऐकलं तर मैदान रिकामं राहील.

मागवाला

हवालदार काकांशी सहमत. माझे १६ माग आहेत, टॉवेलचे. सुताचा भाव माझ्या हातात नाही, वीजबिल माझ्या हातात नाही. कारीगर झोपला तर माल फाटका निघतो आणि व्यापारी तो माझ्याच गळ्यात मारतो. प्रेमाने सांगून बघितलंय, ताई. ज्याला सर्वात जास्त सांभाळून घेतलं, तो २० हजारांची उचल घेऊन दुसऱ्या मालकाकडे गेला. तुम्ही पगारावर आहात, तुमचं स्वतःचं भांडवल लागलेलं नाही. आधी शिस्त, मग माया.

सुईदोरा

मालक, उचल बुडाल्याचं दुःख खरं आहे. पण एक विचारते. तो गेला आणि बाकीचे राहिले, ते का राहिले? त्यांनाही तुम्हीच सांभाळलंय ना?

काका, तुम्ही सैन्याचं सांगता म्हणून सैन्याचंच सांगते. डेहराडूनच्या मिलिटरी अकादमीचं उद्घाटन १९३२ च्या डिसेंबरमध्ये झालं, तेव्हा सरसेनापती चेटवूड जे बोलले ते आजही तिथल्या चेटवूड हॉलमध्ये लिहिलेलं आहे. देशाची सुरक्षा, सन्मान आणि हित सर्वांत आधी. त्यानंतर हाताखालच्या जवानांचा सन्मान, हित आणि सोय. स्वतःचा आराम आणि सुरक्षा सर्वांत शेवटी, नेहमी आणि प्रत्येक वेळी. जवानाची सोय ही लाडाची गोष्ट असती तर ती अधिकाऱ्याच्या शपथेसारखी भिंतीवर कशाला कोरली असती?

दुसरं, १९८२ साली डोव्ह एडन आणि अब्राहम शनी यांनी इस्रायली सैन्यातला एक प्रयोग प्रसिद्ध केला. १५ आठवड्यांचा कोर्स, १०५ प्रशिक्षणार्थी. उस्तादांना सांगितलं, या अमुक पोरांत नेतृत्वाचे गुण जास्त आहेत. प्रत्यक्षात ती नावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडलेली होती, उस्तादांना त्याचा पत्ता नव्हता. शेवटी तीच पोरं परीक्षेत पुढे निघाली. कोर्सबद्दल समाधानीही तीच जास्त होती. अभ्यासक्रम सगळ्यांना सारखाच होता. बदलली ती उस्तादाची नजर.

माजी हवालदार, मंगळवेढा

चेटवूड साहेबांचे शब्द आम्हालाही पाठ आहेत ताई, पण ते ऑफिसर लोकांसाठी. मैदानावर पोराशी गाठ पडते ती हवालदाराची. आणि इस्रायलच्या प्रयोगात उस्तादांनी रगडा कमी केला असं कुठे आहे? उलट ज्याच्याकडून अपेक्षा जास्त, त्याला जास्तच घासलं असेल. मी पण तेच करायचो.

हिंजवडीतला सोलापूरकर

मी या दोन्ही बाजूंना विरोध करायला आलोय.

आमचे मॅनेजर कधी आवाज चढवत नाहीत. वाढदिवसाला केक, महिन्याला ‘वेलनेस’चं सेशन, ‘माझं दार कायम उघडं आहे’ असा मेल. आणि सलग सात महिने रात्री अकरापर्यंत कॉल, शनिवारसुद्धा. मला रात्री छातीत धडधडायला लागलं, डॉक्टर म्हणाले झोप नाही. मॅनेजरना सांगितलं तर त्यांनी फार आपुलकीने ऐकून घेतलं आणि श्वासाचे व्यायाम करायचं ॲप पाठवलं. काम तसूभर कमी झालं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की नैराश्य आणि चिंतेमुळे जगात दरवर्षी १,२०० कोटी कामाचे दिवस वाया जातात. २०२२ मध्ये त्यांनी कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात वरिष्ठांना प्रशिक्षण द्या हे आहेच, पण कामाचा बोजा आणि कामाची पद्धत बदला हेही आहे. ताई, तुमचा चांगला उस्ताद नुसता पाय बघत नव्हता. त्याने आरामसुद्धा दिला. तो आराम देण्याचा अधिकार त्याच्याकडे होता. आमच्या मॅनेजरकडे तो नाही, म्हणून ते केक देतात. खरा मुद्दा हा आहे, स्वभाव नव्हे.

वॉर्डातली सिस्टर

हे वरचं शंभर टक्के पटलं.

आमच्याकडेही ताईंच्या कॉलरीसारखंच घडतं, फक्त इथे उसवता येत नाही. चुकीचा डोस गेला आणि लगेच सांगितलं, तर बहुतेक वेळा पेशंट सांभाळता येतो. लपवलं तर तासाभरात हाताबाहेर. एमी एडमंडसन नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी नव्वदच्या दशकात हॉस्पिटलांमधल्या औषधांच्या चुका मोजल्या. वाटलं होतं, चांगल्या वॉर्डात चुका कमी निघतील. उलटं झालं, जास्त निघाल्या. तिथल्या नर्स चुका बोलून दाखवत होत्या, एवढंच त्याचं कारण.

पण ताई, एक सांगायचंय. माझी इन्चार्ज आमच्यावर ओरडते, आणि तिच्यावर वरून रोज ओरडलं जातं. दोन सिस्टर आणि पन्नास पेशंट अशी रात्र काढलेल्या बाईने सकाळी समजूतदार असावं ही अपेक्षा कुठल्या तोंडाने करायची? तुमच्या आधीच्या त्या सुपरवायझरच्या मागे कोण लागलं होतं, हे कुणी विचारलं का?

सुईदोरा

नाही विचारलं, सिस्टर. मालकाचे दर तासाला फोन यायचे त्यांना. हे मी लिहायला हवं होतं.

इतिहासाचा मास्तर

रगड्याच्या बाजूने बोलणाऱ्यांसाठी एक घटना. ८ एप्रिल १९५६, अमेरिकेच्या मरीन कोअरचं पॅरिस आयलंड हे प्रशिक्षण केंद्र. एका ड्रिल इन्स्ट्रक्टरने शिस्त लावायची म्हणून आपल्या पथकाला रात्री रिबन क्रीक नावाच्या खाडीच्या पाण्यात उतरवलं. सहा रंगरूट बुडून मेले. त्यानंतर तिथे इन्स्ट्रक्टरांवर अधिकाऱ्यांची देखरेख वाढवली, रंगरूटांच्या छळाला आळा घातला. प्रशिक्षण काही मवाळ झालं नाही. मरीन आजही कडकच ओळखले जातात. तेव्हा कडकपणा ठेवून छळ काढता येतो, हे सत्तर वर्षांपूर्वीच दिसलेलं आहे.

मागवाला

मास्तर, पटलं. तरीही माझा प्रश्न पैशाचा आहे, तो कुणी सोडवला नाही. विणलेल्या मीटरवर मजुरी देतो. कारीगराला ‘बस जरा’ म्हटलं तर त्याचीच मजुरी बुडते, तोच नको म्हणतो. मेमध्ये ताक ठेवतो, पंखे वाढवलेत. याच्या पुढे माया करायची तर टॉवेलचा भाव वाढला पाहिजे.

माजी हवालदार, मंगळवेढा

मास्तर, खाडीत पोरं बुडवणं हा रगडा नाही, गुन्हा आहे. त्याची आणि आमची बरोबरी करू नका.

पण काल रात्री ताईंची ती मोजे काढायची गोष्ट परत वाचली. बर्फातल्या पोस्टवर आमचे सुभेदार साहेब रोज संध्याकाळी प्रत्येकाचे पाय बघायचे. बोटं काळी पडायला लागली की माणसाला स्वतःला कळत नाही, बधिर होतात. साहेब दिवसा इतके कडक की त्यांच्यासमोर उभं राहायला भीती वाटायची, आणि संध्याकाळी गुडघ्यावर बसून आमचे पाय हातात घ्यायचे. त्याला आम्ही आधार वगैरे म्हणत नव्हतो, ती ड्यूटी होती. पण पाय दुखतोय हे त्यांना सांगताना कधी जीभ अडखळली नाही, हे खरं.

आणि उस्ताद असताना मी सिक रिपोर्टवाल्या पोरांना सगळ्यांसमोर कामचोर म्हणायचो. दहा खोटे असायचे म्हणून पाच खऱ्यांनाही म्हणायचो. तेव्हा त्यात काही वाटलं नाही. एक सांगलीकडचा पोरगा होता, ताप अंगावर काढून उभा राहिला आणि परेडमध्ये कोसळला. दोन दिवस मी एमआय रूममध्ये, म्हणजे आमच्या दवाखान्यात, त्याच्याजवळ बसून होतो. तो वाचला. त्याच्याशी नंतर कधी बोललो नाही त्यावर.

रगडा पाहिजेच, हे मत मी सोडणार नाही. पण सिक रिपोर्टच्या वेळी उस्तादाने तोंड बंद ठेवावं आणि निर्णय डॉक्टरवर सोडावा, हे मला आज मान्य आहे.

ताई, नडगीला तडा गेलेल्या त्या पोराचं पुढे काय झालं?

सुईदोरा

भाच्याला फोन करून विचारलं, काका. प्लास्टर निघालंय. मागच्या बॅचमध्ये टाकलाय, पुन्हा सुरुवातीपासून करतोय. या वेळी त्याला दुसरे उस्ताद मिळालेत, ते मोजे काढायला लावणारे.