कोअर वाढवण्याआधी शेड्यूलिंग बघा!

रिकामा_कोअर:
प्रोग्रॅम अपेक्षेइतका वेगात चालला नाही की लोक आधी ॲमडालच्या नावाने (समांतर न होणारा भाग वेगाला मर्यादा घालतो, हा त्याचा नियम) बोटं मोडतात, मग जास्त कोअरचं, म्हणजे प्रोसेसरमध्ये एकाच वेळी काम करणारे जास्त भाग असलेलं, मशीन मागतात. माझ्या मते घोळ बहुतेक वेळा कामांच्या वाटपात, म्हणजे शेड्यूलिंगमध्ये, असतो. साधं गणित घ्या. ४ कोअर, एकेका मिनिटाची १२ कामं आणि ४ मिनिटांचं एक. मोठं काम रांगेत शेवटी असेल तर ३ मिनिटांत छोटी कामं उरकतात आणि पुढची ४ मिनिटं तीन कोअर माशा मारत बसतात. एकूण ७ मिनिटं, स्पीडअप (एकाच कोअरवर १६ मिनिटं लागली असती, त्याच्या किती पट वेग) जेमतेम २.३. तेच मोठं काम आधी लावा: ४ मिनिटांत सगळं आटोपतं, स्पीडअप पूर्ण ४. बदलला तो फक्त क्रम. मोकळ्या कोअरला रांगेतलं पुढचं काम देत गेलं, तर लागणारा वेळ आदर्श वेळेच्या फार तर (२ – १/कोअर) पट होतो, हे गणितज्ञ रोनाल्ड ग्रॅहमने १९६०च्या दशकातच सिद्ध केलंय. ४ कोअरना १.७५ पट. आपले ७ मिनिटं बरोबर त्या काठावर आहेत.

कॅशप्रेमी:
असहमत. कुठलं काम किती वेळ खाणार हे आधी कोण सांगतं? मग लोक ओपनएमपीत (लूपच्या फेऱ्या थ्रेडना, म्हणजे समांतर चालणाऱ्या धाग्यांना, वाटून देणारी सोय) 'डायनॅमिक', म्हणजे जो मोकळा त्याला पुढचं काम, असं लिहून मोकळे होतात. मीही झालो होतो. मॅट्रिक्सवरचा लूप, प्रत्येक फेरीत सारखंच काम, आणि प्रोग्रॅम आधीच वाटप ठरवणाऱ्या 'स्टॅटिक'पेक्षा हळू! चंक (एका वेळी किती फेऱ्या द्यायच्या तो आकडा) दिला नाही तर तो १ धरला जातो, म्हणजे फेरीगणिक सगळे थ्रेड पुढची फेरी मोजणाऱ्या एकाच काउंटरवर तुटून पडतात. वर डेटा एका थ्रेडच्या कॅशमध्ये (कोअरजवळच्या वेगवान मेमरीत) आणि काम भलत्याकडे. आणि ॲमडाल काही रजेवर गेलेला नाही: १० टक्के भाग समांतर होत नसेल, तर १६ कोअरवर आदर्श वाटप करूनही ६.४ च्या वर जाता येत नाही.

रिकामा_कोअर:
चंक १ ठेवायचा आणि शिव्या शेड्यूलरला? मोठा चंक देऊन पाहिलात का? आणि त्या ६.४ च्या जवळपास तरी पोचलेले किती प्रोग्रॅम पाहिलेत?

कॅशप्रेमी:
पाहिला की. बरोबरी झाली, पुढे काही गेला नाही. सगळी कामं सारखीच असतील तर शेड्यूलर हुशारी दाखवणार कुठे?

चोरटा_थ्रेड:
दोघेही वर्क-स्टीलिंग विसरलात. प्रत्येक कोअरची स्वतःची रांग. ज्याची संपली तो दुसऱ्याच्या रांगेच्या मागच्या टोकाकडून काम उचलतो. वेळा आधी माहीत असाव्या लागत नाहीत, आणि चोरीचा खर्च बहुतांशी हात रिकामे असणाऱ्यालाच पडतो. पण एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांची साखळी लांब असेल, तर कुठलाही शेड्यूलर तिच्यापेक्षा कमी वेळात संपवू शकत नाही.
अवांतर: अशा साखळ्या असताना, प्राधान्याची यादी तीच ठेवून कोअर वाढवले तर एकूण वेळ वाढूही शकतो. हेही ग्रॅहमनेच दाखवलंय.

रिकामा_कोअर:
हे अवांतर नाही हो, हे मूळ धाग्यातच हवं होतं!

कॅशप्रेमी:
चोरलेल्या कामाचा डेटा मात्र जुन्या मालकाच्या कॅशमध्येच राहतो. त्याचं बिल कोण भरणार?