मुलाच्या दाढेच्या ट्रीटमेंटला आईने आत थांबावं की बाहेर?

मुलगा साडेपाच वर्षांचा आहे, खालच्या दुधाच्या दाढेची कीड नसेपर्यंत गेलीय. पल्पेक्टॉमी (दाढेतली खराब झालेली नस काढून आत भरणं) करून स्टीलची कॅप बसवायचीय. सासूबाई म्हणतात पडणारीच दाढ आहे, कशाला एवढं, पण ती पडायला अजून चार-पाच वर्षं आहेत. मागच्या वेळी मी खुर्चीशेजारी उभी होते, माझ्याच पोटात गोळा आलेला, "काही नाही होणार बाळा, सुई नाही देणार हं" असं सारखं बोलत राहिले आणि मग इंजेक्शन दिलंच. तेव्हापासून क्लिनिकचं नाव काढलं तरी रडतो. आता डॉक्टर म्हणतात तुम्ही बाहेर बसा. एवढ्याशा पोराला एकटं कसं सोडू?

दातवाली ताई: मी पेडोडॉन्टिस्ट, म्हणजे लहान मुलांच्या दातांची डॉक्टर आहे. तीनच्या आतलं मूल मी आईच्या मांडीवरच तपासते, पण साडेपाचचं मूल माझ्याशी स्वतः बोलू शकतं. आई आत असल्याचा त्रास नसतो, दोन आवाज एकदम येतात त्याचा असतो. मी सांगते दुखलं तर डावा हात वर कर, मी थांबेन, आणि तेवढ्यात आई विचारते "लागतंय का रे?" की झालं, मूल रडायला लागतं. आम्ही आधी सांगतो, मग फिरणारा ब्रश नखावर लावून दाखवतो आणि मगच दातावर लावतो, त्यात मधे कोणी बोललं की सगळं पहिल्यापासून. डॉक्टरांना विचारा, पायाशी बसून गप्प राहिले तर चालेल का. आणि सुई नाही असं परत कबूल करू नका प्लीज, मुलं ते विसरत नाहीत.

नाशिकचा बाबा: आमच्याकडे बायकोला बघवत नाही म्हणून मी गेलो, लेकीच्या पायावर हात ठेवून बसलो, एक शब्द बोललो नाही. नंतर मात्र लक्ष ठेवा, ओठ दोन-तीन तास बधिर असतो, आमचीने चावून चावून सुजवला होता.

मीनल_क: घरी "ब्रश नाही केलास तर डॉक्टर टोचतील" असं कोणी म्हणत असेल तर आधी ते बंद करा. आमच्याकडे आजी म्हणायच्या.

प्रश्नकर्ती: काल रात्री त्याला सांगितलं, आई तेव्हा खोटं बोलली, चुकलं माझं. त्याने विचारलं परत सुई आहे का, मी म्हटलं असेल तर डॉक्टर आधी सांगतील. थोडा रडला, मग म्हणे तू कुठे बसशील. डॉक्टर पायाशी बसा म्हणाल्यात, गुरुवारी जातोय.