दुःखातही आनंद मानायचा हे खरंच जमतं, की नुसतं साक्षीत बोलायला?

पेटीवाली ताई

सलाम मंडळी. गेल्या रविवारी उपासनेत साक्ष दिली, म्हणजे सगळ्यांपुढे आपला अनुभव सांगितला, की दुखण्यातही मला आनंद सापडला, आणि घरी पोचेपर्यंत व्हॉट्सॲपवर तीन जणींचे मेसेज, त्यातल्या एकीचा तर असा की ताई तुम्ही दुखण्याचं कौतुक करताय. म्हणून इथे सगळं लिहिते, वाद घालायचाय त्यांनी खुशाल घाला.

मला २०१७ पासून आमवात आहे, रुमॅटॉइड. सकाळी तासभर बोटं वळत नाहीत, नळ मनगटाने ढकलून सोडते. मेथोट्रेक्सेटची आठवड्याची गोळी शनिवारी रात्री, त्यामुळे रविवारी चर्चमध्ये बसते ती मळमळ दाबूनच. चौदाव्या वर्षापासून मी चर्चमध्ये पेटी वाजवत होते, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं म्हणजे माझा श्वास. आधी डाव्या हाताने भाता मारणं गेलं, मग उजव्याची बोटं. दोन वर्षं मी मागच्या बाकावर बसायचे आणि पेटीकडे बघायचेच नाही.

मग सातवीतली एक पोरगी घरी आली, म्हणाली शिकवा. मला वाजवून दाखवता येत नाही म्हणून मी गाऊन दाखवते आणि ती पट्टी शोधते, चुकते, परत शोधते. कोमल गांधार तिला पहिल्यांदा आपला आपण सापडला ना, तेव्हा जे वाटलं ते इतकी वर्षं वाजवून मला एकदाही वाटलं नव्हतं. आता चार जणी येतात. बायबलातल्या प्रेषित पौलाने देवाला देहातला काटा काढ म्हणून तीनदा विनवलं, काटा निघाला नाही, कृपा पुरेल एवढं उत्तर मिळालं. फिलिप्पै गावच्या मंडळीला "प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा" लिहिलं तेव्हा तो बेड्यांत होता. मला हे आता कळतं, आधी नुसतं पाठ होतं.

वॉर्डातली

ताई, तुमच्या पोरींचं वाचून बरं वाटलं. पण मी १९ वर्षं नर्स आहे, आपल्याच समाजातली, आणि मला या शिकवणीची भीती वाटते. आमच्याकडे एक बाई आली, छातीतली गाठ आठ महिने घरात ठेवलेली. फुटली होती, ब्लाउजच्या आत हळद लावलेलं फडकं. डॉक्टर ओरडले तर ती हसून म्हणाली, प्रभूने दिलेला वधस्तंभ आहे, मी आनंदाने वाहते. कुठल्यातरी प्रार्थनासभेत शिकून आली होती. ते हसू अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

आणि नवऱ्याचा मार खाणाऱ्या किती जणींना हेच सांगतात, सोस, प्रभूने पण सोसलं. अहो, येशूकडे आलेल्या एकाही आजाऱ्याला त्याने हे दुखणं ठेव, तुझ्या भल्याचं आहे असं सांगितलं नाही. पकडला जाण्याआधी गेथशेमाने बागेत त्याने स्वतः हा प्याला टळू दे म्हणून प्रार्थना केली. मग आपण आपल्या बायकांना तो आनंदाने प्यायला का लावतो?

दौंडकर

मी केडगावच्या जवळचा, पंडिता रमाबाईंनी काढलेल्या मुक्ती मिशनच्या गोष्टी ऐकतच वाढलो, म्हणून रमाबाईंबद्दल लिहितो. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील, बहीण, सगळे थोड्याच महिन्यांत गेले. आईसाठी भाकरीचा तुकडा मागायला एका घरी गेल्या तर लाजेने तोंडातून शब्द फुटेना, कसाबसा मागितला, पण घेऊन आल्या तेव्हा आई खाण्याच्या पलीकडे गेली होती. पुढे १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पटकीने नवरा, कडेवर लहान मनोरमा. इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टरकी शिकायला, तर ऐकू कमी येतं म्हणून ते पण राहिलं. बाप्तिस्मा तिथेच झाला, १८८३ मध्ये.

आणि १८९६-९७ ला परत दुष्काळ पडला तेव्हा हीच बाई मध्य प्रांतात जाऊन शेकडो उपाशी मुली घेऊन आली. ती भाकरी आठवत नसती तर गेली असती का? संकटाने धीर, धीराने शील, शीलाने आशा म्हणतात ते हेच. सिस्टर, तुमचा राग बरोबर आहे, पण एकीने शिकवण चुकीची घेतली म्हणून शिकवणच खोटी होत नाही. तुकोबांनी पण दुष्काळात दिवाळं निघालं ते बरंच झालं म्हटलंय की, आपल्या मातीला हे नवीन नाही.

वॉर्डातली

दादा, तुमचंच उदाहरण घ्या. रमाबाईंनी त्या मुलींना उपासात आनंद माना असं नाही सांगितलं, जेवायला घातलं, अक्षरं आणि हाताला काम शिकवलं. म्हणजे दुष्काळाशी त्या भांडल्या.

एका पोराचा बाप

मी इथे लिहिणार नव्हतो. आमचा मुलगा नऊ वर्षांचा, डेंग्यूने चार दिवसांत गेला. मातीहून आलो तर घरात एक जण म्हणाले, देवाला फूल आवडलं. बायको आत निघून गेली ती त्या माणसासमोर आजवर आली नाही.

दौंडकर, रमाबाईंचं तुम्ही सांगता कारण रमाबाई वाचल्या. त्या आईचं काय, तिच्या मरण्याचा काय उद्देश? लेकीने पुढे मोठं काम करावं म्हणून आईने उपाशी मरायचं, असा हिशोब ठेवणारा देव मला नको आहे. आणि बायबलात पण हा हिशोब नाही. मुलंबाळं, तब्येत सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसले तोवर बरोबर होते, कारणं सांगायला लागले आणि चुकले, शेवटी देव त्यांच्यावरच रागावला. मेलेला मित्र लाजर परत उठणार हे माहीत असून येशू कबरीपाशी रडला. बायबलातलं स्तोत्र ८८ वाचा, शेवटच्या शब्दापर्यंत अंधारच आहे. ते पण पवित्र शास्त्रच ना, मग आपल्याकडे आनंदाचीच वचनं फ्रेम करून का लावतात?

वसईहून

मी कॅथलिक. आमची आजी गुडघे दुखले की म्हणायची अर्पण कर, आणि मला लहानपणी वाटायचं देवाला गुडघेदुखी कशाला हवी. नंतर पोप दुसरे जॉन पॉल यांचं दुःखावरचं १९८४ चं पत्र वाचलं, त्यांना स्वतःला १९८१ मध्ये गोळ्या लागल्या होत्या. ते पत्र दुःखाला वाईटच म्हणतं, आणि शेवटाकडे येतं चांगल्या शोमरोनीवर, येशूच्या गोष्टीतल्या, वाटेतल्या जखमीसाठी थांबलेल्या परक्यावर. म्हणजे जखमी दिसला की तू थांबतोस का, एवढं. माझ्या मते उद्देश जखमेत नसतो, थांबणाऱ्यात असतो. बापासाठी याहून जास्त बोलायची माझी हिंमत नाही.

पेटीवाली ताई

सगळं दोनदा वाचलं. सिस्टर, साक्षीत मी एक गोष्ट सांगितली नव्हती ती सांगते. पहिले अकरा महिने मी पण नुसती प्रार्थना आणि तेलावर होते. औषध लवकर सुरू झालं असतं तर सांधे इतके बिघडले नसते असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे माझी बोटं देवाने वाकडी केली नाहीत, त्यातलं बरंचसं माझ्या त्या अकरा महिन्यांनी केलं. पुढच्या साक्षीत हे आधी सांगेन. पोरींना पेटी यावी म्हणून माझे हात गेले असं मी कधी म्हणणार नाही.

पण आनंद झाला तो झाला, तो मी परत घेणार नाही. काही लोकांना मी रडत राहिले की खरी वाटते, हसले की शिकवलेली. माझं दुखणं आहे, त्यात काय सापडलं ते मीच सांगणार.

आणि मुलगा गमावलेले दादा, तुमच्यापुढे मी आनंद हा शब्द वापरणार नाही. कुणी तुमच्या दारात येऊन वापरत असेल तर त्याला मी अडवेन.

एका पोराचा बाप

ताई, तुमचा आनंद तुमच्याकडे राहू द्या, त्याला माझा विरोध नाही. फक्त एक विचारतो, स्तोत्र ८८ ला चाल आहे का हो? आमच्या उपासनेत मी ते कधी गायलेलं ऐकलं नाही.

पेटीवाली ताई

मला माहीत नाही. नसेल तर लावू. शनिवारी पोरी येतात तेव्हा बसते त्यांना घेऊन, दोन-तीन आठवडे लागतील. झालं की कळवते, या ऐकायला, नाही आलात तरी चालेल.

एका पोराचा बाप

येईनच असं सांगत नाही. पण पट्टी जरा खालची धरा, बायकोला वरचे सूर जमत नाहीत.