मदत हवी आहे : मालदांडी ज्वारी काढायला रीपर चालतो का?

नमस्कार मंडळी. मंगळवेढा भागात आमची भारी काळी जमीन आहे. रब्बीत मालदांडी ३५-१ घेतो, सगळी कोरडवाहू, हस्त नक्षत्राच्या पावसाच्या ओलीवर. पिकवण्याची चिंता नाही, काढणीचीच आहे. उपटायला माणूस मिळत नाही. मिळालं तर जमीन भेगाळून इतकी आवळलेली असते, की दुपारपर्यंत बायकांच्या हाताला फोड येतात. हे बघवत नाही.

कापणी-मळणी एकदम करणारं कंबाईन नको. त्यात धान्य हाती येतं, पण कडब्याचा चुरा होतो. दोन म्हशी आणि बैलजोडी आहे, कडबा गेला तर ज्वारी करून उपयोग काय? म्हणून कापून आडवं पाडणाऱ्या रीपरचा विचार करतोय.

ज्यांनी प्रत्यक्ष वापरलाय त्यांनीच सांगा. पुरुषभर उंच ताट त्यात अडकतं का? वाऱ्यानं लोळलेलं पीक उचलतो का? दोन ओळींत ४५ सेंमी अंतर पुरेल का, की पेरतानाच वाढवावं लागेल? आणि मागे राहिलेल्या धसकटांचं काय करता? उपटलेल्या रानात हा प्रश्नच नसतो.

फुले वसुधा, फुले रेवती हे वाण सुचवतात. पण मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि घरी भाकरी मालदांडीचीच लागते. त्यामुळे वाण बदलायचा नाही, अवजाराचंच सांगा. मोहोळ, बार्शीकडं कुणाकडं चालू रीपर असेल तर काढणीच्या वेळी बघायला येईन.